पाहुण्याला पाणी दाखवा

मुंबईचा पाहुणा देवगिरी एक्स्प्रेसने पहाटे आमच्या गावी उतरतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. मधल्या दिवसाचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी वेरूळची लेणी, घृष्णेश्वराला नमस्कार, येताना खुलदाबाद, देवगिरीच्या किल्ल्यावर अर्ध्यापर्यंत चढून दम टाकणे आणि उन्हे कलता कलता बीबी का मकबरा. पाणचक्कीला तो पोचतो तेव्हा पायांत गोळे आलेले असतात. हौदातले मासे बघून, चहा पिऊन तो म्हणतो, "चला, झालं सगळं!"

वेरूळ टाळा असे सांगण्याइतका मी दुष्ट नाही. अखंड कातळ वरून खाली कोरत आणलेले कैलास लेणे पाहायलाच हवे. (मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढे बघून निघा.) पण अर्धा दिवस गावासाठी ठेवा. इथले खरे नवल गावातच आहे आणि बरेचसे जमिनीखाली आहे.

मकबऱ्यात पाहुणा ताजशी तुलना करून नाक मुरडतो. दिलरास बानू बेगम १६५७ साली वारली, तिची ही कबर. वास्तुविशारद अताउल्ला, ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. खालचा थोडा भाग आणि घुमट संगमरवरी, बाकी चुन्याची गिलाई. खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये सात आणे झाला म्हणतात. सारा जन्म बँकेत खतावण्या जुळवण्यात गेल्यामुळे त्या सात आण्यांबद्दल मला अतोनात आदर वाटतो. बापाने मोकळ्या हाताने बांधले, मुलाने बजेटात बसवले. त्यात हिणवण्यासारखे काय?

पण या गावाचा पाया मकबऱ्याच्याही आधीचा. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० साली त्याने खडकी गावाची राजधानी केली. त्या खडकीचे पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, तहान तीच राहिली. शेजारची खाम नदी राजधानीला पुरणारी नव्हती. अंबरने उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत नहरीत गोळा केले आणि निव्वळ उतारावर ते गावात आणले. मोट नाही, रहाट नाही. ठराविक अंतरावर हवेसाठी आणि सफाईसाठी विहिरींसारखी तोंडे ठेवली. ही नहर-ए-अंबरी १६१७-१८ च्या सुमाराची. पुढच्यांनी तिला आणखी नहरी जोडल्या.

पाणचक्की हे त्याच विद्येचे फळ. बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून असलेले हे काम १७४४ चे. डोंगराकडून नळांतून आलेले पाणी स्वतःच्याच दाबाने उंच भिंतीत चढते, वरून हौदात कोसळते, आणि त्याच पाण्याच्या जोरावर यात्रेकरू-फकिरांसाठी दळण दळले जाई. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत; भर उन्हाळ्यात तिथे गारवा असतो. स्पेनमधल्या ग्रानादाला लोक अल्हाम्ब्राचे हौद आणि कारंजी बघायला जातात. तिथले पाणीही दारो नदी वरच्या अंगाला अडवून पाटाने आणलेले. त्यांनी पाण्याचीच शोभा मांडली. आम्ही काय केले?

नहरींची तोंडे बुजवली, त्यांवर घरे चढवली, रस्ते नेले, कचरा लोटला. आता शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून, पन्नास-एक किलोमीटरवरून, विजेच्या पंपांनी चढवावे लागते. कित्येक वर्षे नळाला चार-चार, सहा-सहा दिवसांनी पाणी आले. दारोदारी निळे ड्रम ही आमची नवी स्थापत्यकला. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून मिरवतो, पण उभे आहेत मोजकेच. १६१२ चा भडकल दरवाजा अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. महमूद दरवाजा पाणचक्कीला खेटून आहे. त्याच्या अंगावर वर्षानुवर्षे किती वाहने घासली, याचा हिशेब कुणाकडे नाही.

म्हणून सांगतो, उलटीकडून फिरा. मकबऱ्याहून बेगमपुऱ्यातून मकाई दरवाजाकडे चालत या. पुढे पाणचक्की, भडकल, मग गुलमंडीवर सुपारी हनुमान. चालत असाल तर नान-खलियाला कडकडून भूक लागेल. तुघलकाच्या लष्कराबरोबर तो इथे आला अशी आख्यायिका आहे, आणि चव पाहता ती खोटी ठरवावीशी वाटत नाही.

उन्हाळ्यात पाणचक्कीची धार बारीक होते, तेव्हा पावसाळा सरताना यावे. मागे अशाच दिवसांत पुण्याहून भाच्याचा आठ वर्षांचा मुलगा आला होता. भिंतीवरून पडणारे पाणी त्याने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "आजोबा, मोटर कुठंय?" मोटर नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. माझा हात सोडून तो भिंतीच्या मागे गेला, वाकून वाकून शोधून आला.

"खरंच नाहीये," तो म्हणाला.