तीन फुटांचा फरक

जयनगरला, बिहारच्या टोकाला, भारतीय रेल्वेच्या स्टेशनाशेजारीच नेपाळ रेल्वेचं स्टेशन आहे. ओळखपत्र दाखवून फलाटावर आलो, तर समोर ओळखीचीच गाडी! कोकण रेल्वेच्या पेडणे-कारवार मार्गावर बसलो होतो तशी डिझेलवरची डेमू. चेन्नईत बनलेले असे दोन संच कोकण रेल्वेनेच २०२० मध्ये नेपाळला पोचते केले. त्यानंतर दीड वर्ष ते नुसते उभे होते. रूळ होते, गाडी होती. पण चालवायला माणसं नव्हती, लागणारा कायदाही नव्हता. २ एप्रिल २०२२ ला नेपाळमधल्या कुर्थापर्यंतची ३५ किलोमीटरची वाहतूक सुरू झाली, तीही कोकण रेल्वेच्या मनुष्यबळाच्या मदतीने.

शेजारच्या आजोबांनी इथली जुनी ‘छोटी लाइन’ पाहिलेली. नेपाळवर राणांची सत्ता असताना, १९३७ मध्ये, जंगलातलं लाकूड वाहायला टाकलेली. तिची रुंदी ७६२ मिलिमीटर, आताची १६७६. फरक बरोबर तीन फुटांचा.

एक रूळ उचलून तीन फूट सरकवला की झालं, असं मलाही वाटलं होतं. पण रुंद रुळांना लांब स्लीपर लागतो, त्याखाली खडीचा जाड थर, त्याखाली रुंद भराव. गाडीचं वजन वाढलं की पूलही नवे बांधावे लागतात. ही तराईची गाळाची, पुराची जमीन. भराव उंच हवा, आणि उंची वाढली की त्याचा पायथा दोन्ही बाजूंना शेतांत पसरतो. पावसाचं पाणी अडू नये म्हणून मोऱ्या सोडायच्या, त्या वेगळ्याच. हे सगळं, आणि वर ते दीड वर्ष, म्हणून २०१४ मध्ये बंद झालेली गाडी परत यायला आठ वर्षं लागली.

इनरवा गेलं. सरहद्द कधी ओलांडली ते कळलंच नाही. डब्यातली मैथिली तीच, बाहेरचा भातही तोच. एका वळणावर खांद्यावर हातोडा टाकलेला, रूळ तपासणारा कीमन बाजूला उभा राहून चाकांकडे टक लावून पाहत होता. आमच्याकडे त्याने मान वर करून पाहिलंही नाही.

जनकपूरला डबा निम्मा रिकामा झाला. आजोबा कुर्थाच्याही पुढे, बिजलपुऱ्याला जाणार होते. तिथून पुढे बर्दिबासपर्यंतचं रुळांचं काम जमिनीच्या मोबदल्यावर अडलेलं, आणि त्यांच्या मेहुण्याचं शेत नेमकं तिथेच.

“किती फूट गेलं?” मी विचारलं.

“फूट कसले? चार कठ्ठे जमीन.”