आचोळ्यातले पंचावन्न डेसिबल

नालासोपारा पूर्वेला स्टेशनातून बाहेर पडून आचोळे रोडला लागले, की संध्याकाळच्या वेळी रिक्षा, दुचाक्या, टेम्पो आणि परिवहनच्या बसगाड्या एकमेकींना खेटून पुढे सरकत असतात आणि जो तो हॉर्नवर बोट ठेवूनच असतो. रस्त्याला लागून तळमजल्यावर दुकाने, वर बिऱ्हाडे. वीज गेली की दुकानांपुढचे जनरेटर धडधडू लागतात. लग्नसराईत हळदीच्या रात्री बेंजो आणि डीजे असतोच. याच बिऱ्हाडांत कोणी परीक्षेचा अभ्यास करत असते, कोणी रात्रपाळी करून आलेले दिवसा झोपायची धडपड करत असते, तर कुणाला पहाटेची चर्चगेट लोकल गाठायची असते.

कायदा या बिऱ्हाडांच्या बाजूने आहे. १४ फेब्रुवारी २००० पासून लागू असलेल्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. आता खाली दुकान आणि वर घर असलेला आचोळे रोड यांतल्या कोणत्या रकान्यात बसवायचा? मिश्र वापराचा भाग चारांपैकी कोणत्या वर्गात मोडतो हे सक्षम प्राधिकरणाने जाहीर करावे, असे नियमच सांगतात. निवासी ठरवला तर रात्रीची मर्यादा ४५, व्यापारी ठरवला तर ५५. कागदावर हा फरक दहाचा दिसतो, पण खिडकीपाशी झोपणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो.

डेसिबलचा हिशेब किलो-लिटरसारखा सरळ चालत नाही. आकडा १० ने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. २० ने वाढला की ऊर्जा शंभरपट. म्हणून ५५ च्या जागी ७५ डेसिबल भरले, तर ‘वीसच तर जास्त आहेत’ असे म्हणून सोडून देता येत नाही. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी, की सारख्या आवाजाच्या दोन यंत्रांपैकी एक बंद केले तर मापकावरचा आकडा जेमतेम ३ ने उतरतो. थोडीशी कपात करून रस्ता शांत झाल्यासारखा वाटत नाही, याचे कारण हेच.

मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. त्याहून कमी पातळीचा, पण रोजचा आवाज काय करतो, याची चर्चा कमी होते. माणूस जागा झाला नाही तरी झोप उथळ होते, रक्तदाब चढतो, ताणाची संप्रेरके वाढतात आणि वर्षानुवर्षे असेच चालले की हृदयविकाराचा धोका वाढतो. पश्चिम युरोपात वाहतुकीच्या आवाजामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०११ चा अंदाज आहे. त्याच संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी रस्त्यावरच्या वाहतुकीची रात्रीची शिफारस ४५ डेसिबलची केली. आपल्या नियमातला निवासी भागाचा रात्रीचा आकडाही तोच. म्हणजे आपले नियम ढिले नाहीत.

ते पाळले जावेत म्हणून महाराष्ट्रात जी झुंज झाली, तिला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे सुमैरा अब्दुलाली यांनी शांतता क्षेत्रांसाठी न्यायालय गाठले आणि आवाज फाउंडेशन उभे केले. हातात ध्वनिमापक घेऊन मिरवणुकीत उभे राहायचे, आकडे नोंदवायचे आणि ते सरकारपुढे ठेवायचे, ही त्यांची पद्धत. १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या खंडपीठाने दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सहाच्या शांततेवर शिक्कामोर्तब केले. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. तेही सण-समारंभांसाठी आणि आधी जाहीर करून. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल देऊन पोलीस आणि महापालिका यांच्या जबाबदाऱ्या नेमून दिल्या.

ताजा टप्पा कुर्ल्याच्या नेहरूनगरचा. तिथल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर २३ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सांगितले, की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. आचोळ्यातल्या माणसाच्या दृष्टीने या निकालातला दुसरा भाग जास्त मोलाचा आहे. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारू नये आणि उघड करू नये. पहिल्यांदा समज, मग दंड, तरीही ऐकले नाही तर साहित्य जप्त आणि परवाना रद्द, असा क्रमही न्यायालयाने आखून दिला. शेजारच्याच इमारतीतल्या हळदीविरुद्ध, तेही नातेवाइकांच्या किंवा गाववाल्यांच्या, फोन करायला लोक कचरतात, कारण उद्या त्याच गल्लीत समोरासमोर यायचे असते. नाव गुप्त राहणार असेल तर ११२ फिरवणारा हात मागे हटत नाही.

या निकालानंतर राज्यभर मोहीम झाली. धार्मिक स्थळांवरचे ३,३६७ भोंगे उतरवले, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुलै २०२५ मध्ये विधानसभेत सांगितले. मर्यादा मोडली तर त्या पोलीस ठाण्याचा निरीक्षक जबाबदार धरला जाईल, अशी घोषणाही त्यांनी त्याआधी केली होती. आचोळ्याला स्वतःचे पोलीस ठाणे आहे, मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या छत्राखाली. त्यामुळे कुणाला विचारायचे, हे इथे स्पष्ट आहे.

सक्तीशिवायही काम होते. नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेड तालुक्यात बारड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामस्थांनी २०१८ मध्ये एकमताने ठरवून सगळ्या प्रार्थनास्थळांवरचे भोंगे उतरवले. एकाच धर्माला बोट दाखवले नाही, म्हणून ते टिकले.

तरीही भोंगा हा आवाजाच्या प्रश्नाचा एक तुकडा आहे, आणि आपल्याकडची सगळी शक्ती त्या एका तुकड्यावर खर्च होते. सवलतीचे दिवस वर्षातले पंधरा. हॉर्न, जनरेटर, पत्रे कापणारे गाळे, रात्री चालणारे बांधकाम यांना सुट्टीच नसते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा केल्यास २,००० रुपये दंड ठेवला. मुंबई वाहतूक पोलिसांनी प्रयोग म्हणून काही चौकांत सिग्नलला ध्वनिमापक जोडले. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली या प्रयोगाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. पण हॉर्न वाजतो तो मुळात पुढचा रस्ता अडलेला असतो म्हणून. आचोळे रोडला फुटपाथ मोकळे झाले, दुहेरी पार्किंग हटले, रिक्षांना थांबायला ठरलेली जागा मिळाली, तर दंडाची पावती न फाडता आवाज उतरेल. वाहतुकीची शिस्त हाच इथला सर्वांत मोठा ध्वनिनियंत्रणाचा उपाय आहे.

जनरेटरचेही तसेच. एक हजार केव्हीएपर्यंतच्या डिझेल संचाचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत हवा आणि तो कारखान्यातूनच ध्वनिरोधक पेटीसह यायला हवा, असा नियम आहे. पेटीच्या भिंतींना आतून काचतंतूंचा किंवा फोमचा थर असतो, हवेच्या वाटेला वळणे दिलेली असतात, खाली कंप शोषणारे रबराचे पाय असतात. देखभालीच्या वेळी उघडलेले दार तसेच राहिले, की या सगळ्याचा उपयोग संपतो. समोरासमोर उभ्या इमारतींमध्ये तो आवाज भिंतींवर आपटत चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने दार बंद आहे का आणि रबर झिजले आहे का, एवढे बघितले तरी पुष्कळ.

साध्या वस्तूंनी किती फरक पडतो, याचे एक जुने उदाहरण न्यू यॉर्कचे आहे. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला एका शाळेलगत उंचावरून लोकल जायची. ती गेली की शिक्षिका बोलणे थांबवायची. मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी रुळांकडच्या वर्गांतल्या आणि पलीकडच्या शांत वर्गांतल्या मुलांच्या वाचनाची तुलना करून १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सहावीपर्यंत पोहोचताना रुळांकडची मुले जवळजवळ वर्षभर मागे पडली होती. मग रेल्वेने रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या आणि शिक्षण विभागाने वर्गांना ध्वनिशोषक छत बसवले. १९८१ च्या अभ्यासात दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आलेली दिसली. विरारच्या लोकल आणि गुजरातकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस ज्यांच्या खिडकीखालून धावतात, त्या शाळांच्या विश्वस्तांनी या निष्कर्षाची आठवण ठेवावी.

हे सगळे उपाय झालेल्या गोष्टीला डागडुजी आहेत. मूळ काम आराखड्याच्या टेबलावरचे. २००० च्या नियमांतले एक कलम क्वचितच कुणी उद्धृत करते. विकासाची आखणी करताना स्थानिक संस्थांनी ध्वनिप्रदूषणाचा विचार जीवनमानाचा एक निकष म्हणून करावा, असे ते बजावते. आचोळ्यात नियोजन आणि वास्तव यांची फारकत किती होऊ शकते, हे सर्वांनी पाहिले आहे. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या अग्रवाल नगरी परिसरातल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या आणि २०२५ च्या सुरुवातीला हे काम संपले. हजारो माणसांचा संसार उघड्यावर आला. फसवले गेले ते घर घेणारे. जिथे सांडपाण्याचे आरक्षण टिकत नाही, तिथे गाळा आणि बेडरूम यांच्यामधले अंतर कोण राखणार?

चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली. सिडकोने केलेला विकास आराखडा २०२१ पर्यंतचा होता. पुढच्या आराखड्यात ध्वनीला जागा मिळायला हवी आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघायला नको. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडून राज्यातल्या २७ शहरांचे ध्वनिनकाशे करून घेतले आहेत, म्हणजे कामाची पद्धत हाताशी आहे. १० ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने जाहीर केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र ठरत नाही. तेव्हा आचोळ्यातल्या शाळा आणि रुग्णालये यांची यादी करून त्यांच्याभोवतीचे शंभर मीटर अधिसूचित करून घेण्याचा पाठपुरावा नगरसेवकांनी करावा. आराखड्याच्या प्रारूपावर हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या अर्जात सोसायट्यांनी आपली मागणी नेमकी लिहावी: आचोळे रोडवरचा वरचे मजले असलेला पट्टा निवासी म्हणून घोषित व्हावा, अवजड वाहनांच्या वेळा ठरवाव्यात, नवीन गाळ्यांना घरांपासून अंतराची अट असावी आणि रात्री दहानंतर बांधकामाची यंत्रे बंद राहावीत.