स्मृतीची तुकडेजोड

संगणकाची निम्मी स्मृती मोकळी असूनही 'जागा नाही' असे उत्तर येऊ शकते. कारण आपल्या शेतजमिनीच्या वाटण्यांतलेच आहे: शिल्लक आहे, पण सलग नाही. १९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याला जे साधायचे होते, ते लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, अहोरात्र साधावे लागते.

कर्नल स्मृती 'पान' या मापाने वाटतो. घरच्या बहुतेक संगणकांवर पान ४ किलोबाइटचे. मोकळी पाने १, २, ४, ८ अशा दुपटीच्या गटांत असतात. दोन पाने हवीत आणि आठांचाच गट उरला असेल, तर त्याचे चार-चार, मग दोन-दोन असे भाग पडतात. भाग परत आला, की त्याचा जुळा मोकळा असल्यास दोघे पुन्हा जोडले जातात. पत्त्यातला एक बिट उलटवला की जुळा सापडतो. केनेथ नोल्टन यांनी १९६५मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. डोनाल्ड नूथ मात्र पहिला मान हॅरी मार्कोविट्झ यांना देतात. गुंतवणूक विभागून ठेवण्याचे गणित मांडून १९९०चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे तेच हे गृहस्थ!

खरी अडचण एकट्यादुकट्या पानाची. २ मेगाबाइटच्या गटात ५१२ पाने. ५११ मोकळी आणि मधले एक अडलेले, की गट वाया. ते एखाद्या प्रोग्रॅमचे असेल तर मजकूर दुसरीकडे नकलून तक्त्यातली नोंद बदलता येते. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. कर्नलची स्वतःची पाने मात्र थेट पत्त्याने वापरली जातात, म्हणून ती बहुधा जागची हलत नाहीत.

२००८च्या आरंभी आलेल्या २.६.२४ आवृत्तीत मेल गॉरमन यांनी केलेली सुधारणा मला म्हणूनच मोलाची वाटते. हलणारी, न हलणारी आणि गरजेला सोडून देता येणारी पाने त्यांनी वेगळ्या आळ्यांत बसवली. न हलणाऱ्यांची आळी भरलीच, तर दुसऱ्या आळीतला सर्वांत मोठा मोकळा गट घ्यायचा. हे उफराटे वाटते, पण लहान लहान तुकडे घेत गेले तर अडथळे साऱ्या वस्तीत पसरतील. मोठा घेतला तर पुढच्या मागण्याही तिथेच भागतात.

२०१०मध्ये आवराआवरही आली. एक शोधक खालून हलवण्याजोगी पाने उचलतो, दुसरा वरून मोकळ्या जागा शोधतो; दोघे भेटले की काम थांबते. तोवर जागा मागणारा प्रोग्रॅम ताटकळतो, म्हणून २०१६पासून हे काम आधीच करून ठेवणारा स्वतंत्र गडी कर्नलमध्ये आहे.