पाणी बघून नव्हे, वारा बघून

हवा भरायची किंवा घडीची कयाक घेताना माणूस आधी वजन विचारतो, मग किंमत, मग किती जण बसतात ते. तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. फ्लॅटमध्ये बारा फुटी प्लास्टिकची बोट ठेवायला जागा नसते आणि ती गाडीच्या टपावर बांधून घाट चढणं हा वेगळाच व्याप. पण तळ्यावर वल्हवायची बोट निवडताना या तिन्हींच्या आधी विचारायचा प्रश्न जाहिरातीत सहसा सापडत नाही: दुपारी समोरून वारा सुटला तर ही बोट मला काठाला परत आणेल का?

तळ्यावर कसला आलाय वारा, असं कुणीही म्हणेल. समुद्र नाही, नदीची ओढ नाही, मग भीती कशाची? पण आपल्याकडे ज्याला आपण लेक म्हणतो ते बहुतेक वेळा धरणाचं पाणी असतं. पवना, मुळशी, भंडारदरा इथे सह्याद्रीच्या दऱ्याच अडवलेल्या आहेत. वारा दरीत शिरला की पाण्याच्या लांबीला धरून वाहतो. उन्हाळ्यात सकाळी पाणी निवांत असतं. जमीन तापली की दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. मोकळ्या पाण्यावरून तो जितकं लांब अंतर येतो तितक्या लाटा वाढतात, त्यामुळे ज्या काठावरून आपण निघालो तिथे शांतता आणि पलीकडे खळबळ, असं सहज होतं. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा त्याचा जोर चौपट होतो. हौशी माणूस ताशी चारएक किलोमीटरने वल्हवतो. जाताना वारा पाठीवर असतो आणि तो वेग आपल्याच दंडातला वाटतो. दोन किलोमीटर अर्ध्या तासात संपतात. येताना तीच ताकद लावून वेग ताशी दीड किलोमीटरवर आला, तर तेच अंतर एक तास वीस मिनिटांचं होतं, तेही खांदे भरून आल्यावर.

आता हवेची स्वस्त कयाक या वाऱ्यात घालून बघा. इंटेक्सची एक्सप्लोरर के-टू ही या जातीतली सर्वांत ओळखीची बोट: लांबी सुमारे 312 सेंटिमीटर, रुंदी 91. म्हणजे रुंदीच्या जेमतेम साडेतीन पट लांबी. दोन्ही बाजूंचे जाड फुगे पाण्याच्या बरेच वर राहतात आणि वाऱ्याला धरायला भरपूर अंग देतात. आतला दाब जेमतेम एक पीएसआयच्या घरात असल्यामुळे माणूस बसला की मधला भाग दबतो आणि दोन्ही टोकं केळ्यासारखी वर उचलली जातात. मग पाण्यात टेकलेली लांबी आणखी घटते, आणि बोट सरळ जाण्याची ताकद तर त्या लांबीतच असते. तळाला फिन लावायची राहून गेली तर प्रत्येक वल्ह्यागणिक तोंड डावीकडे-उजवीकडे फिरत राहतं आणि निम्मी मेहनत ते सरळ करण्यात जाते.

यावरचा उपाय म्हणजे ड्रॉप-स्टिचचा तळ. वरच्या आणि खालच्या कापडाला आतून हजारो धाग्यांनी ठरावीक अंतरावर बांधलेलं असतं, त्यामुळे आठ-दहा पीएसआय हवा भरली तरी तो फुगून गोल होत नाही, फळीसारखा सपाट आणि ताठ राहतो. ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतल्या गुडइयर कंपनीने 1956 साली हवा भरून उडवायचं विमान बनवलं, त्याचे पंख याच तत्त्वावर ताठ राहत. नुसता तळ ताठ झाला तरी टोकं वर उचलणं थांबतं. पैसे जास्त पडतात, पण माझ्या मते हवेच्या कयाकमध्ये जादा पैसे मोजावेत असा हा पहिला भाग आहे. सीट, कपहोल्डर, पिशवीचा रंग हे सगळं त्यानंतर.

घडीच्या कयाकचा वंश याहून जुना. म्युनिकमधल्या आल्फ्रेड हॉयरिश या विद्यार्थ्याने 1905 मध्ये बांबूच्या सांगाड्यावर कापड ताणून अशी बोट केली. पुढे रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने तिचे हक्क घेऊन कारखाना काढला. 1956 साली हान्नेस लिंडेमान हा जर्मन डॉक्टर क्लेपरच्याच बोटीतून 72 दिवसांत एकट्याने अटलांटिक पार करून गेला. हा दाखला मी घडीची बोट अजिंक्य असते म्हणून देत नाही. सांगाडा असला की आकार लांब, अरुंद आणि पाण्याच्या जवळ ठेवता येतो, एवढंच त्यातून घ्यायचं. आजची ओरू ही घडीची कयाक पन्हाळीदार पॉलिप्रॉपिलीनच्या पत्र्याला घड्या घालून उभी राहते. तिचं बे हे मॉडेल बारा फुटांहून थोडं लांब, साधारण 64 सेंटिमीटर रुंद आणि बाराएक किलोचं आहे. लांबी रुंदीच्या जवळपास सहा पट. वाऱ्यात परतताना हा फरक खांद्यांना कळतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. अरुंद बोट डगमगते, नवशिक्याला रुंद हवेची बोटच बरी. यात तथ्य आहे, आणि एका बाबतीत ती खरोखरच सरस ठरते: उलटली तरी हवेची कयाक तरंगते आणि तिच्यावर पुन्हा चढता येतं. घडीच्या बोटीत पाणी शिरलं की काम अवघड. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, आणि पुढे-मागे हवेच्या पिशव्या बसवलेल्या नसतील तर ते उपसणार कसं? त्यामुळे या पिशव्या आणि भर पाण्यात बोटीत परत चढण्याचा सराव, हा घडीच्या बोटीच्या किमतीतलाच भाग धरावा. ज्याला तो करायचा नाही त्याने ड्रॉप-स्टिच तळाची, फिन असलेली हवेची बोट घ्यावी. पण डगमगत नाही एवढ्यावर भाळून जी रुंद बोट घेतली, ती वाऱ्याला सर्वांत आधी हार जाते. उलटण्यापासून वाचलेला माणूस पलीकडच्या काठाला अडकला, तर त्याची सुटका झाली असं म्हणवत नाही. लाईफ जॅकेट दोन्ही बोटींत अंगावरच हवं, पायाशी नव्हे.

वजनाचा मुद्दा मी सोडलेला नाही. मे महिन्यात धरणाचं पाणी खाली जातं आणि रस्त्यापासून काठापर्यंत भेगाळलेल्या गाळातून बरीच पायपीट होते. तिथे चौदा किलोची पिशवी आणि आठ किलोची पिशवी यांत फरक पडतोच. पण परतल्यावर घरात जे होतं ते लोक विसरतात. कापडी आवरणाच्या हवेच्या बोटीत फुगा आणि आवरण यांच्यामध्ये, चेनच्या शिवणीत पाणी लपून राहतं. पावसाळी हवेत ती तशीच गुंडाळून माळ्यावर टाकली की आठवड्यात बुरशीचा वास सुटतो. पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा फडक्याने पुसला की झालं. मुंबईत गॅलरी नसलेल्या घरात हा फरक वजनापेक्षा मोठा ठरू शकतो.

उन्हाचंही गणित आहे. सकाळी 25 अंशांना एक पीएसआयपर्यंत भरलेली बोट काठावर ठेवली आणि आतली हवा 50 अंशांना गेली, तर दाब सव्वादोन पीएसआयच्या पुढे जातो, म्हणजे ठरवल्यापेक्षा दुप्पट, आणि शिवणी तिथेच उसवतात. जेवायला बसायचं असेल तर बोट सावलीत ओढावी किंवा व्हॉल्व्ह उघडून थोडी हवा सोडावी. मात्र निघताना पंप मारून ती पुन्हा भरायलाच हवी, कारण जेवण होईपर्यंत दुपार उलटलेली असते आणि ढिली बोट घेऊन वाऱ्याच्या तोंडाशी जायचं असतं.