उसाचे शुद्ध बेणे आणि संस्थांचा सहकार

उसावर काणी किंवा गवताळ वाढ दिसू लागली की पाणी व खत यांस दोष दिला जातो. पुष्कळदा खरा दोष बेण्याचा असतो. एकच बेणे वर्षानुवर्षे लावीत गेल्यास रोग नव्या लागणीत उतरतो व उत्पन्न घटते. गवताळ वाढीसारख्या रोगांवर बेण्यास ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची अडीच तास प्रक्रिया करणे हा खात्रीचा उपाय होय. तथापि त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री एकट्या शेतकऱ्यास तर नाहीच, पण गावच्या सोसायटीसही परवडत नाही.

अशा वेळी संस्थांनीच एकत्र यावयाचे असते. शिर्डी ज्या राहाता तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने १९२३ साली सहकारी पतपेढी निघाली. कर्जाची नड गावापुरती भागली. परंतु साखर कारखाना उभारणे एका गावाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यासाठी अनेक गावांचे ऊस उत्पादक एक झाले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने उभारलेल्या प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली पार पडला. पुढे कारखान्यांनाही हीच अडचण आली. प्रत्येकाने निराळे संशोधन केंद्र चालविणे शक्य नव्हते. म्हणून सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी १९७५ साली पुण्याजवळ मांजरी येथे एक सामाईक संस्था स्थापिली. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट.

येथे मूलभूत बेणे तयार होते. त्यापासून कारखान्याच्या मळ्यावर पायाभूत बेणे व निवडक शेतकऱ्यांच्या प्लॉटवर प्रमाणित बेणे वाढविले जाते. एका एकराचा प्लॉट सुमारे दहा एकरांस पुरतो.

साखळी तुटते ती या शेवटच्या कडीशी. मागणी नोंदवून ऐन वेळी शेजाऱ्याचा फुकट ऊस लावणारे काही कमी नाहीत. मग प्लॉटवरील बेणे जून होऊन गाळपास जाते, आणि पुढील वर्षी प्लॉट घेण्यास कोणी पुढे येत नाही. यास्तव ग्रामसेवक व सोसायटीच्या सचिवांनी मागणी घेतानाच थोडी अनामत घ्यावी, एकूण एकरांची यादी कारखान्याच्या गट कार्यालयाकडे प्लॉटची लागण होण्यापूर्वी द्यावी, व बेणे दहा ते अकरा महिन्यांचे असतानाच तोड ठरवावी. तीन-चार वर्षांनी बेणे बदलावयाचे असल्याने सर्वांची नावे एकाच वर्षी घालू नयेत, पाळी लावावी.