सेंट मार्टिनचे जठर आणि आपला प्रात्यक्षिकाचा तास

जठररसाने अन्न पचते, हे आपण शाळेतच शिकवतो. ते कळले कसे, ही हकिकत मात्र बहुधा विद्यापीठात गेल्यावर कानावर येते, आणि तिथेही अर्धीच.

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण मजुराला अपघाताने बंदुकीचे छर्रे लागले. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले. पण जठराची कड कातडीला चिकटून पोटाला कायमचे भोक राहिले. १ ऑगस्ट १८२५ रोजी बोमाँटनी रेशमी दोऱ्याला मांस, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून त्या भोकातून आत सोडला. तासाभराने ओढून पाहिला, तर पाव आणि कोबी निम्मे विरले होते, मांस जवळपास तसेच. पुढे जठररस बाहेर काढून, बाटलीत शरीराइतका उबदार ठेवला, तरी त्यात मांस विरघळले. म्हणजे पचन हे नुसते घुसळणे नव्हे, ती रासायनिक क्रिया आहे. हे सारे १८३३ च्या त्यांच्या पुस्तकात आले.

सेंट मार्टिनला या प्रयोगांनी पोटदुखी, डोकेदुखी होई. १८३२ च्या करारात वर्षाला १५० डॉलर आणि राहणे-जेवण ठरले. लिहिता येत नसल्याने त्याने फुली मारली. १८८० मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती जठर लागू नये म्हणून घरच्यांनी प्रेत कुजू दिले आणि मगच खोल पुरले.

एम.एस्सी.च्या वर्गात हे सांगितले की विद्यार्थी बोमाँटवर चिडतात. मग आम्ही विचारतो, हिमोग्लोबिन मोजायला काल तुम्ही बोट पुढे केलेत, ते खुशीने? एका वर्षी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, जर्नलवर सही तुमचीच लागते ना?" आम्हाला उत्तर सुचले नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याच कारणासाठी विद्यार्थ्यांना दबावाखाली येऊ शकणाऱ्यांत धरतात. हा नियम संशोधनासाठी आहे, पण सुई तीच.

आता आम्ही 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारत नाही. त्याला तयार आकडे देतो; गणित, आलेख आणि गुण सर्वांना सारखेच. शाळेत सुई नसते, पण वजनकाटा असतो. वजनाचा आकडा वर्गात मोठ्याने वाचायचा की मुलाने स्वतःच वहीत टिपायचा, एवढे तरी आधी ठरवून घ्यावे.