खाच की चकती?

भिवंडीच्या यंत्रमागावर ताण्याचे धागे बीमवरून सुटतात आणि मागच्या रुळावरून वळून पुढे येतात. तो रूळ घट्ट बसवावा की फिरता ठेवावा, हा प्रश्न तारवाद्यांनाही चुकलेला नाही. अमेरिकेच्या पेडल स्टील गिटारीत तर तो फारच टोकाला गेला.

पायांवर उभी, वादकासमोर आडवी असणारी ही गिटार साधारण दहा तारांची. डाव्या हातात पोलादी कांब, पायाखाली पेडल. पेडल दाबले की तार ताणली जाते, सोडले की सैल. गायक वेब पियर्सच्या १९५४ मध्ये गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने पेडल स्टीलवर वाजता वाजता चढणारा हा सूर ऐकवला आणि मग अनेकांना पेडलचे वेड लागले.

मात्र तार ताणली की दुसऱ्या टोकाच्या आधारावरून ती केसभर सरकतेच. तिथल्या खाचेने तिला धरून ठेवले, तर पेडल सोडल्यावर सूर मूळ जागी येत नाही. म्हणून आजच्या बहुतेक पेडल स्टीलमध्ये प्रत्येक तारेखाली आसावर फिरणारी चकती असते. कांब तारांच्या माथ्यावर टेकते, माथे एका पातळीत हवेत. त्यामुळे चकतीची खाच तारेच्या जाडीप्रमाणे कमीअधिक खोल असावी लागते. आसात मळ बसला की चकती अडते, सैल झाली की खडखडते. खाचेला असली दुखणी नाहीत!

मिरजेच्या सतारमेकरांनी चकतीच्या वाटेला न जाता खाचच घोटली. तिथले शिकलगार पूर्वी शस्त्रे घडवत. वाद्यांकडे वळलेल्यांत फरीदसाहेबांचे नाव आदराने घेतले जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याची तार वाजताना कुणी ओढत नाही, त्यामुळे खुंट्यांकडच्या पट्टीवरची, म्हणजे अटीवरची, खाच त्याला पुरते. खुंटीने सूर जवळ आणायचा आणि घोडीखालचा मणी सरकवून नेमका लावायचा.

सतारीचे तसे नाही. मींडेत तार पडद्यावर आडवी ओढली जाते. अटीची खाच अरुंद असेल तर तार अडकते, रुंद असेल तर झणझणते, जास्त खोल गेली तर तार पडद्यांना लागते. कानसीचा एक हात जास्त पडला की अटी बदलावी लागते.

सतारीला चकतीची गरज नाही; पेडल स्टीलला मात्र ती हवीच, आणि स्वच्छही हवी. जुने पेडल स्टील घेताना तारा सैल करून प्रत्येक चकती बोटाने फिरवून पाहा. सतार घेताना लांब मींड ओढा, सोडा आणि तार पुन्हा त्याच सुरात बोलते का, ते ऐका.